शेवटून पहिलं येण्याची तयारी

सोमवार, ३ मार्च
आज सकाळी सहा वाजता चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली आणि आपली टीम हरावी म्हणून प्रार्थना केली. ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस. बाहेर उणे एकवीस. आत मी आणि हीटर, त्यातला एक बंद.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच शंका यायला नको. डनब्रे बॅजर्स, आमच्या गावची आइस हॉकी टीम, सलग नववा हंगाम हरतायत. सहा मॅचेस उरल्या. आम्ही तळाला आहोत, आमच्या वर दोन गुणांनी स्टोनी रिव्हर. तळाला राहील त्या टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, पहिली निवड मिळते, आणि यंदा पहिली निवड म्हणजे डेलोर्मचा पोरगा. असा खेळाडू वीस वर्षांतून एकदा जन्मतो म्हणे. तेव्हा आता एखादी मॅच जिंकणं हाच खरा पराभव. जमीन वर्षभर पडीक ठेवली तर शेतकऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही.

हेतू शुद्ध आहे. अडचण एकच, कीटन.

मंगळवार, ४ मार्च
कीटन आमचा गोलकीपर. बाहेरगावच्या खेळाडूंना गावातली घरं ठेवून घेतात, तसा तो तीन वर्षं आमच्या तळघरातल्या खोलीत आहे. वय वीस, म्हणजे या लीगमधला शेवटचा हंगाम. पूर्वेकडच्या एका विद्यापीठाच्या कोचने त्याला सांगितलंय की शेवटच्या सहा मॅचेसमध्ये शंभर फटक्यांतले नव्वद अडव, तुला शिकायला घेतो. नाहीतर घरी परत, वडिलांचा खडीचा ट्रक आहेच. त्याने हे जेवताना सांगितलं आणि बटाटे मागितले.

म्हणून आज प्रार्थनेत दुरुस्ती केली. टीम हरू दे, पण एक-शून्यने. तो एक गोलही कीटनच्या चुकीने नको, आपल्याच कोणाच्या तरी बुटाला लागून जाऊ दे. सोनियाने (बायकोने) ऐकलं. म्हणाली, "देवाला प्रार्थना करतोयस का वकिलाची नोटीस पाठवतोयस?"

तिला हॉकीतलं धोरण कळत नाही.

बुधवार, ५ मार्च
संकल्प: उपवासात हॉकीवर एक शब्दही बोलायचा नाही. साडेनऊला कॅफेत गेलो, फक्त कॉफीसाठी.

वेंडेल (प्रोपेन गॅस विकतो) आणि लॉर्न (पूर्वी माझ्याबरोबर धान्याच्या कोठारावर गव्हाचे ट्रक तोलायचा) आधीच बसले होते. वेंडेलने पेपर नॅपकिनवर पुढच्या पाच वर्षांची टीम लिहून आणली होती. लॉर्न म्हणाला, "अकरा वर्षं झाली, आपण पाच वर्षांच्या योजनेच्या दुसऱ्याच वर्षात आहोत." वेंडेल म्हणाला, "लेका, तू पाया बघत नाहीस." लॉर्न म्हणाला, "पायाच बघतोय, बाबा. वर कधी काही दिसलंच नाही."

मग मी विचारलं की डेलोर्मच्या पोराला खेळताना कोणी पाहिलंय का. वेंडेलने पाहिलंय. फोनवर, चाळीस सेकंद, पाठमोरा. "पण पाठ काय आहे!" म्हणाला.

मी पन्नास मिनिटं बोललो. संकल्प उद्यापासून.

शनिवार, ८ मार्च
हरलो. सात-दोन. प्रार्थनेचा पहिला भाग ऐकला गेला, दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष झालं. सातही गोल कीटनवर. दर वेळी पुढे धावत येतो आणि मागे जाळी उघडी पडते.

घरी आल्यावर तो फ्रीजचं दार उघडून नुसता उभा राहिला. काही घेतलं नाही. सोनिया म्हणाली, "दार लाव रे, थंडी बाहेर पुरेशी आहे." तो हसला आणि खाली गेला. मला वाईट वाटलं. पण पुनर्बांधणीत वाईट वाटून चालत नाही.

बुधवार, १२ मार्च
अनर्थ. चार-तीनने जिंकलो. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांच्याच खेळाडूने पक, ती रबरी चकती, स्वतःच्या जाळ्यात घातला. स्टोनी रिव्हर हरले. आता बरोबरी.

वेंडेलने आपला नॅपकिन चुरगळला. मग म्हणाला, "ओरेस्ट, गोलकीपर तुझ्याच घरी जेवतो ना?" मी हो म्हणालो. "मग इतिहास तुझ्या स्वयंपाकघरात घडतोय, एवढंच म्हणतो."

मी त्याला सांगितलं की मी गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेला आणि रविवारी चर्चमध्ये पुढे उभं राहून गाणारा माणूस आहे, असलं माझ्याकडून व्हायचं नाही. लॉर्न म्हणाला, "तो काहीच म्हणाला नव्हता, ओरेस्ट."

शुक्रवार, १४ मार्च
शुक्रवारी मांस नाही, म्हणून पेरोगी. पिठाच्या पारीत बटाटा आणि चीज भरलेले, उकडून लोण्यात कांद्यावर परतलेले, वर आंबट साय. कीटन मॅचआधी दहा खातो. आज मी स्वतः वाढायला बसलो. सव्वीस झाले. निव्वळ आदरातिथ्य. पाहुण्याला पोटभर वाढू नये असं कुठे लिहिलंय?

खाऊन उठताना त्याने टेबलाचा आधार घेतला. मला समाधान वाटलं. यजमानाला वाटतं तसं.

तोच दिवस, मॅचनंतर
दोन-एकने जिंकलो. त्रेचाळीस फटके, त्याने बेचाळीस अडवले. कोचने सगळ्यांसमोर पाठ थोपटली, "आज पहिल्यांदा तू जागेवर उभा राहिलास, पुढे धावला नाहीस."

कीटनने मला सांगितलं, "काका, धावणार कसा? पोटच हलू देत नव्हतं."

रविवार, १६ मार्च
चर्चमध्ये फादर मिरोस्लाव यांनी विचारलं, ईस्टरआधी कबुलीला कधी येणार. म्हटलं, यंदा सांगण्यासारखं विशेष नाही. ते म्हणाले, "बघ, शोधलं तर सापडेल."

दुपारी कीटन स्वयंपाकघरात आला. म्हणाला, आता दर मॅचआधी सव्वीस, एक कमी नाही की एक जास्त नाही. खेळाडू अशा गोष्टी मानतात. मग घुटमळला. म्हणाला, "या गावात सगळे म्हणतात, हरा. कॅफेत म्हणतात, दुकानात म्हणतात. पेट्रोल भरतानाही एकाने सांगितलं. तुम्ही एकटे मला जिंकण्यासाठी खायला घालता."

मी म्हणालो, "असू दे, असू दे."

नंतर बराच वेळ अंगणातला बर्फ उपसला. अंगणात बर्फ फारसा नव्हता.

संकल्प: त्याला खरं सांगायचं. उद्या.

बुधवार, १९ मार्च
सांगायला वेळ मिळाला नाही. सव्वीस वाढले. जिंकलो. पस्तीस फटके, दोनच गोल. स्टोनी रिव्हरही जिंकतायत. तिथेही कोणीतरी चर्चमध्ये जाऊन हरण्यासाठी मेणबत्त्या लावत असणार.

वेंडेल माझ्याशी बोलत नाही. मला वाटतं तो माझ्या मनोनिग्रहाला बिचकून असतो.

शनिवार, २२ मार्च
मॅच बाहेरगावी होती. सात तास बस, वाटेत पेट्रोल पंपावरचा पिझ्झा. पाच गोल खाल्ले. हरलो. स्टोनी रिव्हरही हरले. अजून बरोबरी.

पेरोगीचा काही संबंध नाही, असं मी लॉर्नला समजावून सांगितलं. लॉर्न म्हणाला, "मी विचारलंच नव्हतं."

पुढच्या शनिवारी शेवटची मॅच, आमच्याच बर्फावर, स्टोनी रिव्हरशीच. हरेल तो तळाला. हरेल त्याला डेलोर्मचा पोरगा.

कीटनने जेवताना हिशोब सांगितला. विद्यापीठाचा कोच स्वतः बघायला येणार आहे. दोन गोलांपर्यंत ठीक. तिसरा गेला की खडीचा ट्रक.

मी विचारलं, ट्रक कोणता आहे? चांगला असेल तर वाईट धंदा नाही. सोनियाने माझ्याकडे पाहिलं. मी मीठ मागितलं.

शुक्रवार, २८ मार्च
सगळं देवावर सोडलंय. त्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, कुठल्याच बाजूने नाही. त्यामुळे उद्या कीटनला काय वाढायचं याचाही आग्रह धरणार नाही. तटस्थ.

शनिवार, २९ मार्च, दुपार
पीठ संपलं. म्हणजे मी बघितलं तिथे नव्हतं. कीटनला तसं सांगितलं आणि म्हटलं की बीटचं सूप आहे, हलकं, मॅचआधी उत्तम. त्याचं तोंड उतरलं, पण म्हणाला, "चालेल काका, तुम्ही कशाला मनाला लावून घेता."

सोनिया खाली गेली. दहा किलोची गोणी घेऊन वर आली आणि माझ्यासमोर टेबलावर आपटली. तीस वर्षं गहू तोलणाऱ्याच्या घरात पीठ संपलं, एवढंच बोलली. मग बाह्या सरसावून कणीक मळायला घेतली. मला कांदा चिरायला दिला. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचं.

सव्वीस.

तोच दिवस, घरी आल्यावर
तीनपैकी दोन पिरियड संपले तेव्हा दोन-दोन. कीटनच्या वाट्याचे गोल संपले होते. विद्यापीठाचा कोच आमच्या खाली चार रांगांवर बसला होता, वहीत लिहीत. वेंडेल माझ्या कानाशी कुजबुजत होता, "एकच, ओरेस्ट. आता एकच जाऊ दे."

तिसऱ्या पिरियडमध्ये स्टोनी रिव्हरवाले नुसते आदळत होते. त्यांनाही हरायचं होतं, असं आम्ही महिनाभर धरून चाललो होतो. त्यांच्या पोरांना कोणी सांगितलं नसावं.

आपण तिसरा गोल केला. वेंडेल खाली बसला. शेवटच्या दीड मिनिटात त्यांचा एक खेळाडू एकटाच सुटून आला. कीटन पुढे गेला नाही. जागेवरच राहिला, आणि पाय असा फेकला की मला त्याच्या नडगीवरचं पॅड आणि काळा पक यांच्यात फट दिसेना. अडवला. कोणीतरी "कीटन! कीटन!" ओरडत होतं. घसा माझा बसलाय.

तीन-दोन. चौतीस फटके, दोन गोल.

आम्ही तळापासून दुसरे. डेलोर्मचा पोरगा स्टोनी रिव्हरला. बाद फेरी नाही, पहिली निवड नाही. तेल गेलं, तूप गेलं. वेंडेलने गाडीत बसताच नवा नॅपकिन काढला. दुसऱ्या निवडीला एक बचावपटू आहे म्हणे, फोनवर बाजूने दिसला. त्याची बाजू फार छान आहे.

रविवार, ३० मार्च
कीटनला विद्यापीठातून फोन आला. त्याला शिकायला घेतलं. सोनियाने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी त्याच्याशी हात मिळवला आणि खिडकी साफ केली.

संध्याकाळी कबुलीला गेलो. सगळं सांगितलं. मेणबत्ती, अटी, सव्वीस, पीठ. फादर म्हणाले, "टीम हरावी म्हणून प्रार्थना करणारा तू या गावात पहिला नाहीस. पण ज्याच्या हरण्याची प्रार्थना केली त्याला जेवायला वाढणारा तू पहिला." मी प्रायश्चित्त विचारलं. म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी जेवलो नाही. त्याला सांग." मी म्हटलं, त्याऐवजी पन्नास प्रार्थना चालतील का? शंभर? ते म्हणाले, "तुझ्या प्रार्थना पाहिल्या, ओरेस्ट. राहू दे."

सोमवार, ३१ मार्च
आज सांगणार होतो. पण तो सामान बांधत होता. सामान बांधणाऱ्या माणसाला अडवू नये.

मंगळवार, १ एप्रिल
सांगितलं! सकाळी नाश्त्यालाच, एका दमात. "कीटन, मी महिनाभर तू हरावास म्हणून प्रार्थना केली." तो इतका हसला की दूध नाकातून आलं. म्हणाला, "काका, यंदाचं एप्रिल फूल तुमचं." प्रायश्चित्त पूर्ण. मन हलकं.

सोनिया म्हणाली, "हे धरत नाहीत."

मी म्हटलं, शब्द खरे होते.

"तारीख बघून बोललास," म्हणाली.

बुधवार, २ एप्रिल
हायवेवरच्या बस थांब्यापर्यंत कीटनला मीच सोडलं. बावीस किलोमीटर. पंधरा किलोमीटर हवामानावर बोललो. मग गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं, आणि सांगितलं. कालचं खरं होतं. मेणबत्तीही खरी. पहिले सव्वीस तुला जड व्हावं म्हणून वाढले. पीठ होतं.

तो हसला नाही. मग विचारलं, "शेवटच्या मॅचलाही?"

नाही म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. म्हणालो, "हो. तिसऱ्या पिरियडपर्यंत."

"मग काय झालं?"

"मग मी तुझ्याकडे बघत होतो. गुणतालिका लक्षातच राहिली नाही."

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. तो थांब्यावर उतरला, मागचं दार उघडून बॅग स्वतःच काढली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू द्या." बस आली, तो चढला. हात केला की नाही ते काचेवरच्या बर्फामुळे दिसलं नाही.

पण सांगितलं.