दोन वायरींचा डबा

सोमवार, २१ जुलै

स्वतःच्या हातांनी केलेलं, आजपर्यंत: घराचं सगळं वायरिंग. देव्हाऱ्यामागचा इन्व्हर्टर. राजश्रीच्या घरघंटीची मोटार, दोनदा बांधलेली. बोटींच्या जीपीएसला बसणारं ॲल्युमिनियमचं झाकण – खारं पाणी आत जात नाही, मिरकरवाड्यातल्या निम्म्या बोटींवर तेच आहे. घरातलं नेट – प्रत्येक वायरचं टोक मी चिमट्याने दाबलेलं, त्यावर पट्टी, पट्टीवर नंबर. आणि माळ्याखालच्या फळीवरचा डबा. दोन डिस्कचा, गिऱ्हाईकांची माहिती साठवायचा. डबा विकतचा, पण आतली मांडणी माझी. शिक्षण दहावी. बाकीचं जेटीवर.

एवढं सगळं आठवायचं कारण, एवढं सगळं करणाऱ्या माणसाने आज दुपारी जेवण झाल्यावर एक बटण दाबलं.

डब्याच्या पानावर महिनाभर लाल ठिपका दिसत होता. नवीन फर्मवेअर – डबा चालवणारा आतला प्रोग्राम – आलंय, घ्या. मला लाल ठिपका बघवत नाही. घेतलं. डबा बंद झाला, चालू झाला, एकदा छान टूं केलं. आणि घरातलं नेट गेलं. एकट्या डब्याचं नाही – टीव्ही, राजश्रीचा मोबाईल, गेटवरचा कॅमेरा, सगळं.

आतून राजश्री: "तुम्ही काय केलंत?"

घरात काहीही झालं की बायकोचं पहिलं वाक्य हेच. नळाला पाणी आलं नाही तरी.

मंगळवार, २२ जुलै

डबा काढला की नेट येतं. लावला की थोड्या वेळात जातं. म्हणजे चोर डबाच. काल राउटरला घातलेल्या शिव्या परत घेतो.

पहिला संशय वायरींवर. डब्याला दोन वायरी आहेत, दोन्ही नेटच्या स्विचला – घरातल्या सगळ्या वायरी जुळतात त्या पेटीला – जातात. एक पुरते. पण डब्यात सोय आहे – दोन लावल्या तर त्या मिळून एकच जाड वायर समजतो. आणि एक गेली तर दुसरी असतेच. जेटीवर कुठलीही बोट एका दोरावर उभी नसते. मग माझा डबा का असावा?

दोन्ही बदलल्या. जेटीच्या शिस्तीने – एक काढली की लगेच तिथे नवी, ती घट्ट बसल्याशिवाय दुसरीला हात नाही. स्विचही जुना काढून नवा लावला. फरक शून्य.

राजश्रीची मालिका बुडाली. मी म्हटलं, कथा मी सांगतो, सासू वाईट आहे. हसली नाही.

बुधवार, २३ जुलै

सकाळी गुलामभाई दारात. गुलाम रसूल – तांडेल, स्वतःची बोट स्वतः चालवतो, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पावसाळ्यासाठी बोट वर घेतली तेव्हा त्याच्या जीपीएसमध्ये पाणी शिरलं. (माझं झाकण काढून ठेवलं होतं. त्याने. मी नाही.) मशीन मेलं. नवीन आणलंय, कोरं करकरीत, आत एकही पॉइंट नाही.

आमच्या मुलीच्या, रुचिराच्या, पुण्याच्या मैत्रिणीने मागे विचारलं होतं, काका, पॉइंट म्हणजे काय? तिला सांगितलं होतं – समुद्रातली खूण. कुठे मासा मिळतो, कुठे पाण्याखाली खडप आहे आणि जाळं फाटतं. कुणाच्या बापाने दीपगृह आणि डोंगराचा माथा एका रेषेत धरून शोधलेल्या जागा, पोराने मशीनमध्ये घातलेल्या. तांडेल बायकोचे दागिने दाखवील, पॉइंट दाखवणार नाही. दुसरी बोट जवळ आली की गुलामभाई पडद्यावर टॉवेल टाकतो. मग ती सख्ख्या भावाची का असेना.

पण मशीन मिठाने मरतं, आणि त्याच्याबरोबर पॉइंट मरतात. म्हणून दुरुस्तीला आलेल्या मशीनमधले पॉइंट मी तांडेलाला विचारून डब्यात उतरवून ठेवतो. प्रत्येक बोटीचा कप्पा वेगळा, कुलूप वेगळं. उतरवतो, वाचत नाही. एक्केचाळीस बोटी झाल्या. ही सोय रत्नागिरीत दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि मला ते सांगायला आवडतं.

"माझ्या पॉइंटचं कार्ड भरून ठेवलंस?" गुलामभाई.

"डब्याचं जरा काम चालू आहे."

"कसलं काम?"

"अपडेट."

"म्हणजे काय?"

"सुधारणा."

"मग, सुधारला?"

मी राजश्रीला चहा टाकायला सांगितला.

मासेमारीची बंदी १ ऑगस्टला उठते. त्या दिवशी गुलामभाई बाहेर पडणार, आणि त्याचे पॉइंट जगात फक्त माझ्या डब्यात. दोन डिस्क आहेत, दोन्हींत तेच, एक मेली तर दुसरी – पण दोन्ही एकाच डब्यात. हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. आवडलं नाही.

गुरुवार, २४ जुलै

दिव्यांची अवस. राजश्रीने समया, निरांजनं, कंदील सगळं घासून पाटावर मांडलं. मग हळदकुंकवाची कोयरी घेऊन थेट माझ्या फळीकडे.

"इथे कशाला?"

"हे दिवे नाहीत? घरातले सगळ्यात जास्त दिवे तुमच्याकडेच आहेत."

स्विचच्या दिव्यांना हळदकुंकू लावून घेतलं. चिमूटभरच, भोकात जाणार नाही असं, मी स्वतः धरून. ती जरा वेळ बघत राहिली. म्हणाली, "सगळे एकदम लवलवतायत की हो. आरतीला टाळ्या पडतात तसे. आधी आपापले लागायचे."

म्हटलं, काम चालू असलं की तसंच होतं.

कणकेचे दिवे चांगले झाले होते. तूप जास्त घेतलं.

शुक्रवार, २५ जुलै

रुचिराचा फोन. पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. आईने चुगली केलेली दिसते.

"बाबा, डब्याला दोन वायरी आहेत ना अजून?"

"आहेत."

"एक काढा. एकीवर चालवून बघा."

"एकीवर? खेळण्यातली होडी आहे का?"

"बाबा, अपडेटनंतर तो दोन्ही वायरी वेगळ्या धरत असेल. मग फिरतंय सगळं गोल गोल."

"अगं, दोन्ही बदलल्यात मी. नवीन आहेत."

"बदलायच्या नाहीत, एक काढायची."

"बघतो."

"तुम्ही बघणार नाही आहात."

फोन तिच्या आईला दिला.

जेटीवर चहा प्यायला गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. जानूच्या, म्हणजे माझ्या, डब्यातले सगळ्यांचे पॉइंट गेले. एकाने विचारलं, जानूदा, डबा समुद्रात पडला का? दुसरा म्हणाला, पडला असेल तर कुठे पडला तो पॉइंट घेऊन ठेवलाय ना? बाकड्यावर सगळे हसले. मीही हसलो. चहा अर्धाच प्यालो.

गुलामभाई कोपऱ्यात जाळ्याची शिवण बघत होता. तो हसला नाही. म्हणाला, "गेले असले तर आताच सांग. पहिल्या फेरीला लांब नाय जायचो. खडपात जाळं घालून बसलो तर मोसमाचं जाळं पहिल्याच दिवशी जाईल."

"गेले नाहीत."

"नक्की?"

"मला सोमवारपर्यंत वेळ दे."

शनिवार, २६ जुलै

मुंबईहून मितेश नावाचा माणूस आला होता. मच्छीमारांसाठी मोबाईलवर काहीतरी काढतायत, त्या कंपनीचा. इस्त्रीचा शर्ट, चांगला बोलतो. मला सर म्हणाला, दोनदा. वायरींवरच्या पट्ट्या बघून म्हणाला, इतकं नीट काम आमच्या ऑफिसातही नाही. हे खरं असावं.

डब्याबद्दल विचारत होता. किती बोटी, किती वर्षांचं. मग एक गोष्ट बोलला. ती इथे लिहायची नाही असं ठरवलंय. चहा झाल्यावर त्याला फाटकापर्यंत सोडला आणि स्टेशनला जायची रिक्षा थांबवून दिली.

राजश्रीने विचारलं, कोण होता? म्हटलं, सेल्समन.

रविवार, २७ जुलै

डब्याला हात लावला नाही. श्रावण, म्हणून वरणभात. दोन्हींमुळे तोंडाला चव नाही.

सोमवार, २८ जुलै

सापडलं! पण रीतसर लिहितो, घाई नको.

गुलामभाईला जबाब द्यायचा होता म्हणून सकाळी जेटीवर गेलो. त्याची बोट वळवून तोंड बाहेरच्या बाजूला करायचं चाललं होतं. खलाशी दोन्ही दोर ताणून धरतायत, बोट जागची हलत नाही, फळ्यांवर नुसती आपटतेय. गुलामभाई वरून ओरडला, "अरे एक सोड! दोन्हीकडून धरलास तर ती काय करील बिचारी?"

एक सोडला. बोट दुसऱ्या दोरावर गर्रकन फिरली आणि गप्प उभी राहिली.

मी जबाब न देता घरी आलो. गुलामभाईला वाटलं असेल, पळाला.

फळीपाशी आलो. दुसऱ्या नंबरची वायर ओढून काढली. आणि – हे महत्त्वाचं – तिथे काही लावलं नाही. भोक रिकामं. हात शिवशिवत होता. हात खिशात घातला.

स्विचचे दिवे आधी सगळे विझल्यासारखे झाले. मग एकेक लागला. आपापला. आतून टीव्हीवरच्या सासूचा आवाज आला. इतका गोड कधी वाटला नव्हता.

झालं होतं ते असं. नव्या फर्मवेअरने "दोन वायरी मिळून एक" ही माझी मांडणी पुसली आणि दोन्ही भोकं आतून एकमेकांना जोडून दिली. एका वायरीने आलेला निरोप दुसरीने परत स्विचला, स्विच पुन्हा डब्याला. तोच निरोप गोल गोल, वाढत, वाढत, शेवटी घरात दुसऱ्या कशाला जागाच नाही. म्हणून सगळे दिवे एकदम. आणि मी मात्र सबंध आठवडा बोट एका दोरावर राहू नये म्हणून जपत होतो.

राजश्रीने दिव्यांचं गुरुवारी सांगितलं होतं. रुचिराने वायरीचं शुक्रवारी. दोघींना अजून काही बोललो नाही. राजश्रीला कळलंय. टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवलाय.

मंगळवार, २९ जुलै

नेट आलं म्हणून डबा उघडला असं नाही. जुना लॅपटॉप म्हणतो, या पत्त्यावर कोणी राहत नाही. जीपीएसचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे तोच लागतो. (त्याचं वायरचं भोक मिठाने खाल्लंय, वायफायवरच चालतो.) आत काही उरलंय की नाही, कोण जाणे.

हे मात्र मी एकट्याने शोधलं. फर्मवेअरने दुसरी गोष्टही पुसली होती – डब्याला मी नेमून दिलेला घरच्या नेटवरचा पक्का पत्ता. राउटरने त्याला मिळेल तो नवा पत्ता दिला आणि लॅपटॉप बसलाय जुन्या दारावर टकटक करत. राउटरच्या यादीत डबा हुडकला, जुना पत्ता परत नेमून दिला. पत्ता कागदावर लिहून डब्यावर चिकटवला.

कप्पे दिसले. एकेक मोजले. एक्केचाळीस.

आज नागपंचमी. राजश्री म्हणाली, पुरणाची दिंडं केलीत, या जेवायला. जेवताना म्हटलं, दिव्यांचं तू बरोबर सांगितलं होतंस. ती म्हणाली, "कुठले दिवे?" आणि आणखी एक दिंड वाढलं. संध्याकाळी रुचिरालाही फोन केला. ती नुसती हसत राहिली. पाच मिनिटं तरी. फोन मी केलेला.

दुसरी वायर गुंडाळून खणात ठेवली. डब्यातल्या सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढली. ती बँकेच्या लॉकरमध्ये, राजश्रीच्या पाटल्यांशेजारी. दुसरा दोर हवा तो असा.

गुरुवार, ३१ जुलै

गुलामभाईच्या बोटीवर. कार्ड घातलं, पॉइंट चढायला लागले. मी नेहमीप्रमाणे तोंड फिरवून बंदराकडे बघत उभा.

"बघ की," गुलामभाई म्हणाला. "इतकी वर्षं तुझ्याच घरात होते."

"नको."

"अरे बघ. एक तरी बरोबर आलाय का सांग. मला चष्म्याशिवाय दिसत नाय."

हे खोटं आहे, त्याला ढगातली घार दिसते. पण बघितलं. एकच. पॉइंटचं नाव – हाजरा.

"भाभीच्या नावाचा? मासा चांगला मिळतो वाटतं."

"खडप हाय तिथे. जाळं फाटतं. लांबून जायचं."

दोघंही हसलो. मग त्याने पडद्यावर टॉवेल टाकला, आणि मला बरं वाटलं.

जाताना म्हणाला, "सोमवारी तू पळालास तेव्हा वाटलं, गेले. हाजराला सांगितलंपण. ती म्हणाली, जानूकडे हायत ना, मग जायचे नायत."

शुक्रवार, १ ऑगस्ट

बोटी गेल्या. जेटी रिकामी.

शनिवारी मितेश जे बोलला ते आता लिहितो. "सर, जेटीवर सगळे धरूनच चाललेत की पॉइंट गेले. गेले असंच सांगा. डबा आहे तसा, बंद, मला द्या. उघडून पॉइंट काढायचं आमची माणसं बघतील. तुम्हाला कुणी विचारणारसुद्धा नाही." तेव्हा आत काही उरलंय की नाही, मलाही माहीत नव्हतं.

नाही म्हटलं. बावीस लाख देत होता.