मतदार क्रमांक २१८ मतदानास आल्या नव्हत्या, अशी नोंद मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्षा,
राष्ट्रीय निवडणुकीची स्वतंत्र तज्ज्ञ परीक्षण समिती,
लुसाका.

अर्जदार : लेनर्ड मुशोता, मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा, चिफुन्दा (तलावकाठ), मार्गे मान्सा. ऑगस्टच्या निवडणुकीत सदर शाळेतील केंद्राचा केंद्राध्यक्ष.

विषय : मतदार क्र. २१८, कै. मोनिका काबासो, या मतदानास आल्या नव्हत्या असे लेखी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ९ ऑक्टोबरचा अर्ज. २) आपले दि. २६ ऑक्टोबरचे उत्तर.

महोदया,

१. आपल्या अहवालात आमच्या केंद्राचा उल्लेख दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही ठिकाणी तो कौतुकाचा आहे. "मतांची विभागणी नैसर्गिक असून हस्तक्षेपाची कोणतीही खूण आढळत नाही" असे तज्ज्ञांचे मत पडले. ते वाचून मला आनंद झाला नाही. का झाला नाही, हे पुढे येईलच.

२. आपल्या पथकाने खुणा केलेल्या मतदारयादीची प्रत हरकतींसाठी दुकानाच्या भिंतीवर लावली. मतदान केलेल्यांच्या खुणा मृत व्यक्तींच्या नावांपुढेही होत्या. गावाने एकही हरकत घेतली नाही, असे आपण नमूद केले आहे आणि ते खरे आहे. हरकतीऐवजी लोक माझ्याकडे चौकशीला आले. कोळी मुम्बा तीन वर्षांपूर्वी तलावात बुडाला. त्याच्या बायकोने विचारले, "मास्तर, त्याचं अंगठ्याशेजारचं बोट जाळ्यात तुटलं होतं. मग शाई कुठल्या बोटाला लावलीत?" त्याचा थोरला भाऊ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "जन्मभर कुठं रांगेत उभा राहिला नाही. मेल्यावर तरी वळण लागलं म्हणायचं."

३. क्र. २१८ ही माझी पत्नी होय. ती गेल्या डिसेंबरात वारली. आमच्याकडे वर्षाच्या आत मृताचे नाव घरातल्या कुणाला तरी देतात. वारस चटईवर बसतो, त्याला पाणी पाजतात, आणि त्या घटकेपासून सारे गाव त्याला मृताच्या नावाने हाक मारते. एवढे झाले की गेलेला माणूस सुटतो आणि मागे राहिलेलेही सुटतात. मोनिकाचे नाव तिच्या बहिणीची मुलगी कासोन्दे हिला २८ नोव्हेंबर रोजी द्यायचे ठरले आहे. मात्र यादीत तिच्या नावापुढे खूण असल्याचे कळल्यापासून माझ्या सासूबाई, बाना काबासो, विधीला तयार नाहीत. "जी अजून येते-जाते तिचं नाव दुसऱ्या पोरीला कसं द्यायचं? हाक मारली तर दोघी ओ देतील," असे त्यांचे म्हणणे आहे.

४. आमच्यात सासू जावयासमोर तोंड करून बसत नाही. त्यामुळे त्या रोज सकाळी शाळेच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसतात आणि समोरच्या तलावाला विचारावे तसे मला विचारतात. "जावई, शेवटी फार वाळली होती ती. अंग भरलंय का आता?" किंवा, "शाळेपासून माझी चूल किती लांब? मग पोरगी तशीच का गेली? माझ्यावर रुसली का?" त्या धड जेवत नाहीत. न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, एक गोळा लेकीसाठी झाकून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना टाकतात. पूर्वी मच्छीची टोपली एकटीने उचलणारी ही बाई आता पायरीवरून उठताना भिंत धरते. महोदया, मला त्यांची भीती वाटते. त्याहून जास्त भीती मला यादीतल्या त्या खुणेची वाटते. आताशा वर्गात हजेरी घेताना एखादे मूल "हजर" म्हणाले की मी मान वर करून ते खरोखर बसले आहे का, हे पाहतो.

५. माझ्या पहिल्या अर्जावर आपण मृत्यूचा दाखला मागितला. तो मागायला मी मान्साच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत गेलो, तेव्हा तेथील कारकुनाने यादी पाहिली आणि सांगितले, "बाईंनी ऑगस्टात मत दिलंय गुरुजी. डिसेंबरात गेल्याचा दाखला मी कसा देऊ?" तो मला हसत नव्हता. दाखल्याशिवाय आपण नोंद बदलत नाही आणि नोंद बदलल्याशिवाय दाखला मिळत नाही.

६. म्हणून पहिल्या अर्जात जे "नजरचुकीने खूण झाली असावी" असे लिहिले होते, ते मी मागे घेतो. नजरचूक नव्हती. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निम्मेच मतदान झाले होते. पक्षाचे एक गृहस्थ (नाव घेत नाही) सकाळीच म्हणून गेले होते, "मास्तर, ज्या गावाला मत द्यायचा कंटाळा, त्या गावाला दवाखाना कशाला हवा?" इतर कर्मचारी आणि पक्षांचे प्रतिनिधी जेवायला गेले असताना मी एकतीस नावांपुढे खुणा केल्या. जिवंतांना हात लावला नाही, कारण जिवंत माणूस शेवटच्या क्षणी धापा टाकत येऊन आपले मत मागू शकतो. मृतांकडून तो धोका नव्हता, असे मला वाटले.

७. त्या एकतीस जणांच्या मतपत्रिका मीच पेटीत टाकल्या. त्यातही लबाडी नको म्हणून ज्याने त्याने जिवंतपणी ज्याला दिले असते, त्यालाच मी प्रत्येकाचे मत दिले. मुम्बा सरकारवर सदैव खार खाऊन असे, त्याचे मत विरोधकांना गेले. कुणाचा राग, कुणाचा हट्ट, सारे मला पाठ होते. आपल्या तज्ज्ञांना विभागणी नैसर्गिक दिसली ती यामुळे. या गुन्ह्याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे.

८. आता पुरावा. तीस जणांचे मी ठरवू शकलो. मोनिकाचे नाही. बावीस वर्षे एका घरात राहून तिचे मत काय, हे मी तिला कधी विचारले नव्हते. हातात शिक्का घेऊन मी तिच्या मतपत्रिकेपुढे बराच वेळ बसलो, आणि ती कोरीच घडी करून पेटीत टाकली. आमच्या केंद्रात बाद झालेले एकमेव मत ते हेच. कृपया मोहोरबंद पेटी उघडून ती मतपत्रिका २८ तारखेपूर्वी बाना काबासो यांना दाखवावी. त्यांना वाचता येत नाही, पण वाचावे लागणार नाही. आपली लेक खरोखर आली असती तर काहीही न सांगता परत गेली नसती, हे त्यांना ठाऊक आहे.

त्या केंद्राच्या हिशेबाखाली ज्याची सही आहे तो,
लेनर्ड मुशोता
चिफुन्दा, दि. ११ नोव्हेंबर

सोबत : १) एकतीस नावांची यादी, माझ्या हस्ताक्षरात. २) केंद्राध्यक्षपदाचे नेमणूकपत्र, परत.