ठमीच्या पायाची पट्टी

प्रिय तुळशीराम काका,

तुम्ही होतात तेव्हा एक ओळ लिहिली नाही मी तुम्हाला. सातवी नापास माणूस काय लिहिणार, असं म्हणून सुटत आलो. पण परवा इथे, वाळवंटातल्या चँडलरला, काकूंचं पार्सल आलं. आत तुमचे शर्यतीचे हातमोजे. फोनवर काकू म्हणाल्या, "तुलाच द्यायला सांगितलं होतं त्यांनी. म्हणायचे, माझे हात गेले, पोट्ट्याचे चांगले हायेत."

मी "हो काकू" म्हणालो आणि फोन ठेवला.

काका, तुमचे हात गेले नव्हते. एवढंच सांगायचंय. पण ते एवढ्यात सांगून होत नाही.

काय हात होते ते! नागपूरला वडिलांचा टांगा हाकलेले. अमेरिकेत इलिनॉयला हॉटेलात भांडी घासायला आलात, सुट्टीच्या दिवशी कुणीतरी रेसकोर्सवर नेलं. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी आणि तीत लगाम धरून बसलेला माणूस बघून तुम्ही ओरडलात म्हणे, "अबे, हा तं आपला धंदा!" आधी लीद उचलली, मग ट्रेनर झालात, मग स्वतः गाडीवर बसलात. बारा वर्षं गेली त्यात. पहिली शर्यत मारलीत ती कुठल्याशा गावच्या जत्रेत, चिखलात. त्या फोटोत तुमचे फक्त दात दिसतात. तबेल्यातल्या तुमच्या खोलीत फोटो दोनच, एक हा आणि एक बाबासाहेबांचा.

या शर्यतीत घोडा चौखूर उधळला की खेळ संपला. कितीही घाई असो, दुडकी चाल मोडायची नाही. तुम्ही लगामातून नुसत्या बोटांनी सांगायचात आणि घोडा ऐकायचा. मला म्हणायचात, "घोड्याले चालीत ठेवता येते बे, तुले कसं ठेवू?" खरंच होतं. पेट्रोल पंप सोडला, मोटेल सोडलं, गोदाम सोडलं. टिकलो फक्त तुमच्याकडे.

आणि ठमी. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ती मान वळवायची 'ठमे' म्हटल्यावरच. वय झालं होतं तिचं. मोठ्या शर्यतीत निभाव लागत नव्हता, म्हणून तुम्ही तिला किंमत लावलेल्या शर्यतीत उतरवायचात. तिथला कायदा साधा. दुसऱ्या ट्रेनरला घोडा हवा असेल तर त्याने तेवढी किंमत भरून शर्यतीआधी पेटीत चिठ्ठी टाकायची. शर्यत संपली की घोडा त्याचा. आपण 'नाही' म्हणू शकत नाही.

म्हणून तुम्ही तिच्या धडधाकट पायाला पट्टी बांधायचात. बघणाऱ्याला वाटावं, घोडी दुखावलीय, कशाला घ्या! मी एकदा विचारलं, "काका, हे खोटं नाही का?"

"पट्टी बांधली हाये. पाय दुखते असं मी कुठं म्हणलो?"

दोन वर्षं त्या पट्टीने ठमी आपल्याकडे राखली.

त्या रविवारी दुपारी शॉमबर्गचे मेश्राम साहेब बायकोमुलीला घेऊन तबेल्यात आले. इंजिनिअर माणूस, बुद्धजयंतीला आपल्याला शेवटच्या रांगेत बसलेलं बघून स्वतःहून बोललेला. तुम्ही आधीच्या शर्यतीला दुसऱ्या घोड्याची गाडी घेऊन गेला होतात. पट्टी तेवढी तुम्ही सकाळीच बांधली होती, ठमीला तयार करायचं बाकीचं काम माझ्याकडे होतं. मी ऐटीत सगळं दाखवत होतो.

मुलगी म्हणाली, "डॅड, इज शी हर्ट?"

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, आजारी जनावर पळवता तुम्ही?"

"तसं नाही मॅडम, ती..."

"कळतं रे. पोटासाठी करावं लागत असेल. पण बिचारीचा जीव!"

काका, आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकलेलं माणूस माझं काम बघायला आलं होतं. आणि त्यांच्या डोळ्यांत मी काय झालो? खाटीक. मी खाली बसलो आणि पट्टी सोडली. "बघा, पाय एकदम ठीक आहे! ही आमची स्टार आहे!" मुलीने टाळ्या वाजवल्या. पट्टी मी खिशात कोंबली. परत बांधायची होती. नाही बांधली. ठमी उघड्या पायाने किती देखणी दिसत होती!

तुम्ही एका गाडीवरून उतरून घाईत थेट तिच्या गाडीवर बसलात, पायाकडे बघायला वेळच नव्हता. ती जिंकली. तुम्ही उतरलात आणि तिकडून एक माणूस तिच्या तोंडाला बांधायला दुसरी म्होरकी घेऊन आला. चिठ्ठी पडली होती.

आपली म्होरकी काढताना तुमचं लक्ष पायाकडे गेलं. "पट्टी कुठं हाये बे?"

"माहीत नाही, काका."

"सुटली का?"

"सुटली असेल."

 तुम्ही दोन्ही हात समोर धरून बघत राहिलात. "सकाळपासून बोटं बधिर वाटत होती," म्हणालात. तिला नेताना ठमी दोनदा मागे वळली.

मला एकदा कानाखाली वाजवून विचारलं असतंत तर! तुम्ही मात्र स्वतःलाच धरलंत. पट्टी बांधता येत नाही त्याने लगाम धरू नये, असं म्हणून शर्यतीत गाडी हाकायचं लायसन्स परत पाठवलंत. डॉक्टर म्हणाले, हात ठीक आहेत. तुम्ही म्हणालात, "त्याले लगामातलं काय समजते?" ठमीला नव्या मालकाने दर आठवड्याला पळवलं. पानं गळायला लागली तेव्हा तिचं नाव यादीत दिसेना. तुम्ही विचारत फिरलात. कुणी सांगितलं नाही, आणि न सांगताही आपल्याला कळलं. मग एकेक घोडा गेला, आणि तुम्ही खिडकीशी खुर्ची टाकून बसलात.

रोज वाटायचं, आज सांगू. त्याऐवजी मी पळालो. इथे चिप बनवणाऱ्या फॅक्टरीचं बांधकाम चालू होतं, तिथे लागलो. फेब्रुवारीत तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा काकूंना म्हणालो, सुट्टी मिळत नाही. मी मागितलीच नव्हती.

बघितलंत? चाल मोडून उधळलो तो मीच.

आता ऐका. शुक्रवारच्या इलिनॉयच्या बसचं तिकीट काढलंय. हातमोजे घालून बघितले नाहीत. ते काकूंच्या टेबलावर ठेवीन आणि सगळं सांगीन. मेश्राम मॅडमचं सांगीन, खिशातल्या पट्टीचं सांगीन. मग काकूंनी दाराबाहेर काढलं तरी चालेल. हातमोजे परत घ्यायचे की नाही, ते त्या ठरवतील. 'सुटली असेल' हे मात्र पुन्हा कुणाला म्हणणार नाही, हा शब्द.

आणि तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुमची गाठ माझ्या बोटांनी सुटेना. दात लावावे लागले.

जय भीम.

तुमचा पोट्टा,
मिलिंद