उ की ड

२ नोव्हेंबर

चि. थोरल्यास आजीचे अनेक आशीर्वाद.

आजी म्हणजे कोण, हे आठवायला तुला जरा वेळ देते. बुटकी, बोळकी, तुझ्या आईची सासू. आठवली? जाताना "पोचलो की कळवतो" म्हणाला होतास. वर्ष होत आलं, अजून पोचलेला दिसत नाहीस.

मी सांगते आहे, लिहितोय तुझा धाकटा भाऊ. तुमचं बोलणं बंद आहे ते ठाऊक आहे मला. पण पत्र माझं, त्याचा नुसता हात.

इथे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा ठीक, गॅरेजचा पत्रा ठीक. ठीक नाही ती तुमची गाडी. दोघांनी मिळून भंगारातून उचलून आणलेली ती लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट घासत चालणारी. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटतं.

वर्षभर धाकटा तिच्यापुढे गुडघे टेकून आहे. चाकांवरचे ते धक्के गिळणारे दांडे बटण दाबलं की मऊ, पुन्हा दाबलं की कडक, वळणावर तर आपले आपण कडक होणारे. कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. प्रत्येक दांड्याच्या टाळूवर एक इवलीशी मोटर. एक याने बदलली, एक उघडून धुतली, कंप्युटरचा डबा काढून पुन्हा बसवला. तरी गाडी चालू केली की समोरचा पिवळा दिवा लुकलुकतोच. दिवा लुकलुकला की हा पान्हा फेकतो, पान्हा फेकला की तुझी आई ओरडते, आणि ती ओरडली की माझा चहा थंड होतो.

परवा म्हणाला, "आजी, सगळं उपटतो, साधे शॉकअब्सॉर्बर घालतो आणि विकून टाकतो हिला."

"अर्धी गाडी विकता येते का रे?" मी विचारलं. तर तोंड फिरवून बसला. महिनाअखेरीला गिऱ्हाईक बघायला येणार आहे.

उपटायला म्हणून काल याने तारांवरची चिकटपट्टी सोलली. खाली तू लावलेल्या चिठ्ठ्या. तू अक्षरं लिहिलीस, याने ती वाचून तारा जोडल्या आणि वर पट्टी गुंडाळली, तेव्हाच्या. दोन तारा हातात धरून मला विचारतो काय, "आजी, हा उ आहे का ड?" मला! जिला स्वतःचं नाव लिहून दाखवलं तरी मुंग्यांची रांग वाटते.

तुझ्या आईने चष्मा लावला. म्हणाली, "हा ड. थोरल्याचा ड पहिल्यापासून असाच. शाळेत मास्तरांनी त्याच्या 'डबा'चा 'उबा' वाचला होता."

म्हणजे उजव्याची तार डाव्याला, डाव्याची उजव्याला. वळणावर जी बाजू कडक व्हायला हवी ती मऊ पडायची.

त्या वळणाचा विषय मी काढणार नव्हते. तू चालवत होतास, गाडी भिंतीवर गेली, याचा हात मोडला. हात आता बरा आहे, पान्हा लांबवर जातो. इस्पितळात हा तुला म्हणाला, "तुला चालवता येत नाही, माणसं मारशील." आणि आता तू तिकडे चाकाला हात लावत नाहीस, कुठेही पायी जातोस, असं तुझ्या आईकडून कळतं. मला हे बरं वाटत नाही, एवढंच सांगते. चूक लिहिणाऱ्याची म्हणा, वाचणाऱ्याची म्हणा. मेली अक्षरंच तशी.

(दादा, आजी सारवासारव करते आहे. तारा जोडतानाच मला शंका आली होती, उ की ड. तू शेजारच्या खोलीत होतास. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू हसला असतास. त्या वळणावर गाडी कोणाचंच ऐकणार नव्हती. तू चालव. पायी फिरू नकोस.)

हे बघ, मी दोन वाक्यं बोलले आणि याने अर्धं पान भरलं. विचारलं तर म्हणतो, "शुद्धलेखन बघत होतो." शुद्धलेखन बघताना नाक पुसावं लागतं हे मला माहीत नव्हतं.

तारा आता जागेवर आहेत. दिवा तरीही लुकलुकतोच. मागच्या एका मोटरचं दातेरी चाक झिजलंय, तसलं आता कुठे मिळत नाही. तू पूर्वी एक घासून बनवलं होतंस म्हणे. याने बनवलेली सगळी फुकट गेली. "गिऱ्हाइकाला नको म्हणून सांग," म्हटलं, तर म्हणतो, "दादा काय म्हणतो ते बघू." दादाला विचारायची अक्कल उशिरा का होईना, आली.

तेव्हा तू ये. गाडीसाठी येऊ नकोस, ती गेली खड्ड्यात. माझ्या पत्रात याने काय घुसडलंय ते मला वाचून दाखवायला ये. याच्याकडून वाचून घेतलं तर हा गाळेल, आणि तुझ्या आईला दिलं तर ती वाचण्याआधीच रडेल.

अंगठा माझाच आहे, खाली उमटवलाय.

तुझी वाट बघणारी, अजून न मेलेली,
आजी

खायला द्राक्षं पाठव, बिनबियांची. पार्सलने नको, वाटेत लगदा होतो. मांडीवर धरून आणणारं माणूस बघ.