माझा पीएसए, अण्णाजींचा पीएसए

६ जानेवारी
वर्ध्याला जाऊन आलो. लघवीचे डॉक्टर म्हणून गेलो, डॉक्टर बाई निघाल्या. डॉ. वर्षाली. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. तपासणी कशी केली ते इथे लिहिणार नाही. रक्ताचा रिपोर्ट: पीएसए ६.४. चारच्या आत हवा. बाई म्हणाल्या, प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे, ते वयाने होतंच. पण महिन्याने पुन्हा रक्त तपासू, आकडा उतरला नाही तर सुईने तुकडा काढून पाहू. आणखी एक शब्द वापरला. तो मी ऐकला नाही.
संकल्प: आकडा उतरवणे. सुई नाही म्हणजे नाही.

७ जानेवारी
आर्वी डेपोसमोरच्या टपरीवर अण्णाजी भेटला. रिटायर्ड कंडक्टर. त्याचा पीएसए १.९! ज्याने जन्मभर पॅसेंजरचे सुट्टे परत केले नाहीत त्याचा १.९, आणि माझ्यासारख्याचा ६.४. निसर्गात न्याय नाही. म्हणे, फिनास्टेराइडची गोळी घेतो, सहा महिन्यांत आकडा अर्धा झाला. वर म्हणाला, प्रभाकरराव, तुमची गाडी तं हर विनंती थांब्यावर उभी राहून राह्यली. सगळे हसले. पण डॉक्टरले इचारल्याबिगर घेऊ नोका, असंही म्हणाला. जळतो.

९ जानेवारी
गोळी आणली. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही, म्हणजे साधीच गोळी असणार. बाईंना कळवायचं कारण नाही. अभ्यास कुठल्या गाईडमधून केला हे परीक्षकाला कोणी सांगतं का?

२ मार्च
बायको, कोकिळा, विचारत होती, वर्ध्याले काऊन जाऊन नाई राह्यले? सांगितलं, बाईंनीच सहा महिन्यांनी बोलावलं. हे खोटं नाही. त्या मला नीट ओळखत असत्या तर हेच बोलल्या असत्या.

२० एप्रिल
टकलावर बारीक केस दिसतात. आवळ्याच्या तेलाचा गुण. गोळीचा संबंध नाही.

११ मे
मन पूर्ण शांत झालं आहे. बायकोकडे पाहूनही काही वाटत नाही. ऋषींना यासाठी जंगलात जावं लागलं. कोकिळेला विश्वासात घेऊन सांगितलं की मी ब्रह्मचर्य स्वीकारलं. ती म्हणाली, आता? मले वाटलं पंधरा वर्षांपासून चालूच आहे. आणि भाजी निवडत राहिली.

८ जून
छाती भरून आली. सूर्यनमस्कार अंगी लागले (रोज करायचे ठरवले आहेत). थोडी दुखते, पण कमावलेलं शरीर दुखतंच. बनियन घट्ट होतात. कोकिळा म्हणाली, माह्या कपाटाले हात लावू नोका. टपरीवर अण्णाजीने सर्वांदेखत विचारलं, लेडीज सीट राखून ठेवू का? उद्यापासून सैल सदरा. टपरी बंद.

९ जून
टपरीवर गेलो. चहा घरी चांगला होत नाही.

२९ जून
पहाटे एक वाईट शंका आली: उतरेल तो आकडा माझा, की गोळीचा? झटकून टाकली. मी कापसाचा ग्रेडर होतो. ढिगात हात घातला की वजनासाठी पाणी मारलेला माल ओळखायचो. भले भले मला फसवू शकले नाहीत. मी तर नाहीच.

१५ जुलै
३.९! पास! सुई टळली. कोकिळेला रिपोर्ट दाखवला तर ती भिंतीला टेकून रडायलाच लागली. जानेवारीपासून झोप नाई लागली म्हणे. मला घोरणं ऐकू येत होतं. बायकांना आनंद पचत नाही. टपरीवर पेढे वाटले. अण्णाजीने दोन घेतले.

१८ जुलै
बाईंना निकाल दाखवायला गेलो. कोकिळा हट्टाने सोबत. बाई खूश दिसल्या. मग विचारलं, कुठली गोळी चालू आहे का? मी ठामपणे नाही म्हणालो. कोकिळा म्हणाली, काऊन खोटं बोलून राह्यले? रोज जेवल्यावर खातेत नं. आणि पिशवीतून रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. चाळीस वर्षांचा संसार.
बाईंनी पाकीट उलटून नाव वाचलं. म्हणाल्या, या गोळीने रोग उतरत नाही, नुसता आकडा उतरतो. तो दुप्पट धरायचा. म्हणजे सात पूर्णांक आठ. म्हणजे इतके महिने तो वरच चढत होता.
परवा सुई.

५ ऑगस्ट
तो शब्दच आहे. प्रोस्टेटच्या बाहेर पडलेला. आता किरणांचे शेक आणि इंजेक्शनं. कोकिळेने बाईंना विचारलं, सांगितल्या महिन्यात आलो असतो तं? बाई कॉम्प्युटरमध्ये पाहत राहिल्या. त्यांना ऐकू गेलं नसावं.
कोकिळा परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलली नाही. गर्दी होती.

७ ऑगस्ट
इंजेक्शनने पुरुषपण आणखी कमी होईल, असं बाईंनी बजावलं आहे. माझी आधीपासून तयारी आहे.
संध्याकाळी अण्णाजी घरी आला. पहिल्यांदाच. मी मुद्दाम घट्ट बनियनवर बसलो होतो. त्याने चहा घेतला, काही लागलं तं सांगजा म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. टोमणा नाही, थट्टा नाही. मी वाट पाहिली. फाटकापर्यंत सोडायला गेलो, तिथेही वाट पाहिली.
त्याचा घसा बसला असावा.