हंडा घरी ठेवून

प्रिय आई,

आज तुला लिहिल्याशिवाय राहवेना. तू होतीस तेव्हा फोनवर सगळं ओकून मोकळी व्हायचे. आता तू गेलीस, अन् एवढी मोठी गोष्ट झाली तर सांगू कुणाला? म्हणून शिलाईचं काम बाजूला सारून लिहायला बसले.

आधी हे ऐक. यंदा आम्ही ऊसतोडीला गेलो नाही. ह्यांना केजात शाळेच्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी लागली अन् मी घरीच मशीन टाकलं. दसऱ्यानंतर गावातल्या टोळ्या ट्रकात बसून निघाल्या, तेव्हा पहिल्यांदाच मी निरोप देणाऱ्यांत होते.

पण अंगाला कोण सांगणार? पहाटे तीनला डोळे टक्क उघडे! तू पायाचा अंगठा ओढून उठवायचीस ना, तसंच कुणीतरी ओढल्यासारखं. उठले, चूल पेटवली, दोन्ही वेळच्या भाकरी थापून फडक्यात बांधल्यासुद्धा. ह्यांना हलवून म्हणलं, "उठा की, मुकादम बोंबलंल." हे डोळे चोळत म्हणाले, "कोणता मुकादम? अगं येडे, घरी हाय आपण." त्या भाकरी मग आम्ही दिवसभर खाल्ल्या.

पुढं रोज तेच. जाग येणार, अन् करायला काही नाही. आई, तू मला भाकरी शिकवलीस, मोळी बांधायला शिकवलीस, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायला शिकवलीस. मग स्वतःच्या वेळेचं काय करायचं ते कावून शिकवलं नाहीस? तुझ्याकडं तसा वेळ नव्हताच म्हणा. तुझ्यावर रागवून तरी काय करू?

एक मात्र आठवलं. मी लहान असताना बाजारातून येताना तू एकदा सरळ वाट सोडून तलावाच्या बांधावरून नेलं होतंस. डोक्यावर पाटी, कडेवर धाकटा. तिकडं आपलं काहीच काम नव्हतं. पाण्याकडं बघत सावकाश चाललीस अन् म्हणालीस, "घरी सांगू नको गं." त्यात लपवण्यासारखं काय होतं, ते तेव्हा मला कळलं नाही. आता कळतं.

मग मी ठरवलं. उजाडलं की इथल्या तलावापर्यंत चालून यायचं. चहाच्या आधी, एकटीनं, रोज. ही सकाळ तेवढी माझी.

सासूबाई भडकल्याच. "बाईमाणूस रिकाम्या हातानं गावातून हिंडलं तर लोकं काय म्हणतील? जायचंच आसंल तर हंडा घेऊन जा. पाण्याला गेली म्हणता तरी येईल."

घेतला हंडा. दारात नळ असताना काखेत रिकामा हंडा घेऊन तलावावर जायचं अन् रिकामाच माघारी आणायचा. शहाणपण बघ आमचं! हॉटेलासमोर बसलेले म्हातारे विचारायचे, "कुठं गं?" मी नुसता हंडा दाखवायचे. पण चालणं लई गोड लागलं. गार वारं, पाण्यावर बगळे, अन् मागून हाळी देणारं कुणी नाही. दिवसभर मशीनवर बसूनही कंबर दुखेना. सासूबाईंशी भांडणं कमी झाली, त्याचं तर आम्हा दोघींनाही नवल वाटलं.

अन् काल ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस पान्हा घेऊन दारात उभा. "वैनी, तुमच्या नळाला पाणी येत न्हाई म्हणं. समदं गाव बोलायलंय." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

अजून एक खोटं खपलं असतं. वायसर गेलाय म्हणलं असतं तर त्यानं बदलून दिला असता. पण मला त्या हंड्याचा वीट आला होता. म्हणलं, "नळ चांगला हाय, भाऊ. मी रोज फिरायला जाते. हंडा लोकांसाठी हाय." त्यानं पान्हा खिशात घातला. मग म्हणाला, "फिरा की मंग. हंडा कावून वागवता?"

आज सकाळी हंडा घरी ठेवून निघाले. हात कुठं ठेवावेत कळेना. हॉटेलासमोर म्हातारे होतेच. एका तात्यांना राहवलं नाही. "आज हंडा न्हाई? कुठं निघालीस?"

"फिरायला, तात्या."

"आन् तिकडं काम काय?"

"काईच न्हाई."

एवढंच, आई. आभाळ पडलं नाही. मी झपझप चालत बांधाच्या पार त्या टोकापर्यंत गेले. तिथं कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं हसून घेतलं. जिंकले गं मी!

माघारी आले तर शेजारची काकू सासूबाईंना खोदून विचारत होती, सून सकाळी सकाळी कुठं गेली म्हणून. त्यांनी झाडू थांबवलासुद्धा नाही. म्हणाल्या, "फिरायला गेलीय. रोजच जाती." मी कोपऱ्यावरच थांबले, डोळे पुसले, मगच घरात शिरले.

आता माझा शब्द ऐक. उन्हाळ्यात टोळ्या माघारी येतील. त्या बायांचेही डोळे पहाटे तीनलाच उघडणार. त्या अंधारात उगीच भांडी घासत बसतील, ते मला ठाऊक आहे. मी एकेकीच्या दारात जाऊन हाक मारणार. कशाला म्हणून विचारलं तर सांगणार, कशालाच न्हाई, नुसतं चला.

तुझीच,
सुमी