चावीचा पासवर्ड आठवंना

बुधवार, संध्याकाळ. बेंगळुरू.

डोकं फिरलंय. बहिणीसाठी, सुमीसाठी, जुना लॅपटॉप घेतला, कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे चालू होताना पहिलं चालणारं सॉफ्टवेअर, काढून कुणालाबी बघता-बदलता येणारं खुलं फर्मवेअर घातलं. सुरू होताना ते माझी डिजिटल सही तपासतं, जुळली तरच पुढं जातं. तिच्या सांगलीच्या हॉस्टेलात कुणी आत काही घुसडलं तर तिला कळावं म्हणून एवढा खटाटोप. आज आतल्या सॉफ्टवेअरात बारकी दुरुस्ती केली, तर मलाच अडवलं. बदल केला की परत सही पायजे. सही ज्या डिजिटल चावीनं करायची तिला पासवर्ड मीच ठेवलेला, 'मी तासगावचा हाय'. पण हाय, का हाये, का हाइ? सगळं टाकून बघितलं. नवी चावी करायची तर लॅपटॉप खोलायला लागंल, आन् आतल्या चिपला जोडायची क्लिप उद्या दुकानातनं आणायला लागंल. लॅपटॉप घिऊन जाणारा दोस्त तर पहाटेच सांगलीला निघणार. सुमीची परीक्षा सोमवारी.

तिला फोन केला. म्हणली, "दादा, तू बोलतोस तसंच लिव्हलं असशील की."

"तसंच टाकलं. न्हाई उघडत."

"आत्ता बोलतोस तसं नव्हं रं. इथनं गेलास तवा बोलायचास तसं."

तवा कसं बोलायचो मी? हाय म्हणायचो, का हाये?

शेवटी सेटिंगात शिरून तपासणीच बंद केली; तिथला पासवर्ड वेगळा, नुसत्या आकड्यांचा, तो ध्यानात होता. लॅपटॉप लगेच चालू झाला. आता कुणीबी कायबी घुसडावं, त्याला सगळं चालतंय.